विहिरीच्या तळाचं भोक

धाराशिव जिल्ह्यात कोळसा नाही. जमिनीखाली थरावर थर काळा कातळ आहे. तो दुरून कोळशासारखा दिसला तरी चुलीत घालून काही उपयोग नाही. त्यामुळे माझ्यासारख्या माणसाला तिकडे जायचं कारण नव्हतं. मी चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यात उभी हयात कोळशाच्या शोधासाठी जमिनीला भोकं पाडत आणि ती बुजवत काढली. भोक पाडताना बघायला गाव जमतं, बुजवताना कुत्रंही फिरकत नाही. मशीन पुढच्या जागेवर गेलं की शेतात चिखलाचे खड्डे, डिझेलचे डाग आणि ते भोक एवढं मागं राहतं. भोक तळापासून तोंडापर्यंत सिमेंटनं भरायचं, खड्डे बुजवायचे, बाजूला काढून ठेवलेली वरची माती परत वर पसरायची आणि पुढच्या मृगात शेतकऱ्याची तिफण तिथून सरळ गेली पाहिजे, असं माझं काम होतं. भोक उघडं राहिलं तर वरच्या थरातलं पाणी खाली उतरतं आणि आसपासच्या विहिरी आटतात. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की बायको म्हणते, तुम्ही झोपेतसुद्धा सिमेंट कालवता.

निवृत्त झाल्यावर हे ऐकवायला कुणी उरलं नव्हतं. अशात मिलिंदचा फोन आला. मिलिंद माझ्या मशीनवर बरीच वर्षं होता. हाताचा स्थिर, बोलायला कमी. मग नोकरी सोडून गावी, माकणीला, शेती करायला गेला. तो म्हणाला, साहेब, एक भोक बुजवायचं आहे, विहिरीच्या तळाला पाडलेलं. मी विचारलं, विहिरीच्या तळाला भोक पाडायची अक्कल कुणाची? तो म्हणाला, माझीच.

पुढं त्यानं सांगितलं ते एवढंच. विहीर कोरडी पडली आहे, उघडी आहे, धोक्याची आहे. ती मातीनं भरून टाकून वर पेरायचं त्यानं ठरवलं आहे आणि येळवशीचा सण झाला की दुसऱ्या दिवशी जेसीबी यायचा आहे. पण माय ऐकत नाही. तिचं म्हणणं, भरायच्या आधी तुझ्या त्या साहेबाला एकदा बोलव, तू सांगतोस की तो भोकं बुजवतो. मी पिशवी भरली. परत येऊन आता महिना होत आला, तरी माझ्या बुटांच्या टाचेतली तिथली काळी माती अजून निघाली नाही.

धाराशिवहून माकणीला

रेल्वेनं धाराशिवला उतरलो तेव्हा हवेत चांगला गारठा होता. स्टेशनाबाहेर चहा घेतला, रिक्षानं स्टँड गाठलं आणि लोहाऱ्याकडे जाणारी एसटी धरली. आमच्याकडे या दिवसांत धानाची कापणी उरकून बांध्या मोकळ्या पडलेल्या असतात. इथं उलट, ज्वारी कमरेला लागली होती, हरभरा घाट्यावर येत होता आणि तूर शेंगांनी वाकली होती. रिकामं रान बघायची सवय असलेल्या डोळ्याला ही भरलेली जमीन बरी वाटली.

शेजारी एक बाई मांडीवर गाठोडं घेऊन बसल्या होत्या. त्यातून तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचा पाला, चिंच आणि मेथीची जुडी डोकावत होती. मी विचारलं, एवढी भाजी कशाला? त्यांनी माझ्याकडे, हा कुठला म्हणावा, अशा नजरेनं पाहिलं. परवा येळवस हाय की, म्हणाल्या. मार्गशीर्षातली अमावस्या, या भागात तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावंच्या गावं रानात जेवायला जातात आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून बसवतात. उतरताना त्यांनी आपल्या शेताची खूण सांगून मला जेवायला बोलावलं. माझं नाव त्यांनी विचारलं नाही, मीही त्यांचं विचारायचं विसरलो.

मिलिंद फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभा होता. केस पिकले होते. वाटेत तो कालव्याचं, तेरणेच्या धरणाचं, उसाचं सगळं बोलला, पण विहिरीचं अवाक्षर काढलं नाही. मी एकदोनदा विषय काढला तर म्हणाला, बघताल की उद्या.

त्याच्या आईला सगळा शिवार अक्का म्हणतो, म्हणून मीही अक्काच म्हणू लागलो. बारीक अंगाची, ताठ पाठीची बाई. घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली मिलिंदच्या वडिलांचा. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिखट आमटी होती. मी भातखाऊ मुलखातला माणूस, डोळे भात शोधत होते ते सुनेनं ओळखलं आणि पाहुण्यासाठी म्हणून मूठभर शिजवून वाढला. मला लाज वाटली, पण खाल्ला.

जेवण झाल्यावर अक्कानं विहिरीची हकीकत सांगितली. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यांच्या सासऱ्यांनी ठरवलं की आता दुसऱ्याच्या विहिरीवर ओंजळ धरून उभं राहायचं नाही. वाटेच्या कडेला आपल्या तुकड्यात त्यांनी पहार मारली. दर उन्हाळ्यात विहीर थोडी थोडी खाली जात राहिली. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हाही काम चालूच होतं, अंगावरची हळद उतरायच्या आत त्यांनी दगडाच्या पाट्या वाहिल्या. पाणी लागलं तेव्हा सासऱ्यांनी घराला एक वळण घालून दिलं. सकाळी पहिली बादली ओढली की ती घरात न्यायची नाही. पहिलं पाणी लांबून आलेल्याला. वाटेवर कुणी नसेल तर कडुनिंबाखालच्या रांजणात ओतायचं आणि मग आपली घागर भरायची.

"आमाला ज्यानी अडवलं त्यायलाबी हितं अडवायचं न्हाय, आसा त्येंचा शबूद व्हता," अक्का म्हणाल्या. "रांजन रिकामा हाय ही चौथं साल."

मिलिंद उठून गोठ्याकडे गेला.

विहिरीत

दुसऱ्या दिवशी विहीर पाहिली. चौकोनी, काळ्या दगडाची, वर लाकडी रहाट. काठाला लागून बऱ्याच जागेवर राखाडी भुकटी पसरलेली. भोक पाडताना निघालेला कातळाचा चुरा तिथं ओतला होता आणि त्यावर गवताची काडीही उगवली नव्हती. जमीन अशी भाजल्यासारखी टाकून जाणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. तोंडाला आलेले शब्द मी गिळले, कारण टाकणारा शेजारीच उभा होता.

कातळात खोदलेल्या पायऱ्या अर्ध्यापर्यंतच आहेत. त्याखाली मला कमरेला दोर बांधून उतरवलं. वरून अक्का मिलिंदला सांगत होत्या, हळू सोड, परक्याचं मानूस हाय. खाली गेल्यावर बघितलं, विहीर मेलेली नव्हतीच. पूर्वेच्या कपारीतून बोटभर जाड झरा येत होता, तळावरून वाहत मधल्या भोकापर्यंत जात होता आणि आत उतरत होता. बाटलीत पाणी ओतताना होतो तसा सारखा आवाज येत होता. एवढ्या वर्षांच्या कामात असं पाणी जाताना मी कागदावरच्या नकाशात पाहिलं होतं, कानानं पहिल्यांदा ऐकलं.

मागोमाग मिलिंदही दोर धरून उतरला. तिथंच, वर माय ऐकणार नाही अशा बेतानं, त्यानं सांगितलं. पावसानं ओढ दिली होती तेव्हा तो नोकरीवरून रजेवर आला होता. विहिरीत गुडघाभर पाणी उरलं होतं. कोळशाच्या मशीनवर शिकलेला गडी, खाली गेलं की काहीतरी सापडतंच असा त्याचा समज. त्यानं लहान मशीन आणून विहिरीत उतरवलं. वडील म्हणाले, आहे ते राहू दे. यानं ऐकलं नाही. तळाचा कातळ घट्ट होता, तोच पाणी धरून होता. तो फुटला आणि खालच्या भेगाळलेल्या थरानं सगळं ओढून घेतलं. वडील एका शब्दानं बोलले नाहीत. संध्याकाळी काठावर येऊन बसायचे आणि खालचा आवाज ऐकायचे. पुढच्या वर्षी ते आजारानं गेले.

"बोलले असते तर बरं झालं असतं, साहेब," मिलिंद म्हणाला. "आता हिच्याकडं बघवत न्हाय. भरून टाकली की सुटलो."

मग मला कळलं की इथं जमिनीचा तुकडा पेरणीखाली आणायचा प्रश्नच नव्हता. मायला विहीर हवी होती आणि लेकाला ती डोळ्यांसमोर नको होती. जेसीबी येईपर्यंत पाणी थांबलं तर मायचं खरं, नाही तर लेकाचं.

मी माझ्या सवयीनं सिमेंट काढलं. पोत्याचा बोळा भोकात दाबला, वर लवकर घट्ट होणारं सिमेंट ओतलं आणि मोठ्या ऐटीत वर आलो. दुसऱ्या दिवशी येळवशीच्या सकाळी जाऊन बघतो तर सिमेंट नाही, बोळा नाही, आणि आवाज तसाच. वाहत्या पाण्यानं सगळं धुऊन नेलं होतं. आमच्याकडे भोकात पाणी उभं असतं, इथं ते वाहत होतं, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी आधी सिमेंटला शिव्या घातल्या, मग पोत्याला, मग दुकानदाराला. मिलिंद एवढंच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या साहेब. उद्या येतंय ते मशीन."

येळवस

त्या दिवशी गावात शुकशुकाट होता आणि रानात जत्रा. शेताशेतात कडब्याच्या कोपी, म्हणजे छोट्या झोपड्या, उभ्या होत्या. शेजारच्या कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा चालली होती. अक्काच्या कोपीत दगड नव्हते, नुसतं घोंगडं अंथरलेलं आणि मडकी. मी विचारलं तर म्हणाल्या, आमच्यात पूजा न्हाय, पन माती तर हाय. वरीसभर ती खायाला घालती, एक दिवस तिच्यापाशी बसून खायाचं.

आमच्याकडे भजी कढईत तळतात. इथली भज्जी म्हणजे शेंगा, पालेभाज्या, वाटाणा, बोरं, जे रानात पिकलं ते सगळं चिंचेच्या आंबट पाण्यात बेसन लावून शिजवलेलं. सोबत बाजरीचे उकडलेले गोळे, म्हणजे उंडे, आणि मडक्यातली गार आंबील. मी तीनदा मागून घेतलं. मन कडू होतं, पण जिभेला त्याचा पत्ता नव्हता. येणारेजाणारे बसत होते, खात होते. शेजारच्या मळ्याचे आप्पा नावाचे म्हातारे आले, त्यांनी विहिरीचं विचारलं आणि मी आदल्या दिवशीची फजिती सांगितली.

अक्का उंडा मोडता मोडता म्हणाल्या, "म्या बुजवलं व्हतं येकदा. साल-सव्वा साल टिकलं."

मिलिंदच्या हातातला घास थांबला. त्याला हे माहीत नव्हतं; मधे पाणी टिकलं ते भोकात गाळ बसून, असं तो धरून चालला होता. तो वणीला परत गेला होता आणि वडील अंथरुणाला खिळले होते, तेव्हा ही बाई एकटी दोर धरून विहिरीत उतरली होती. बांधाच्या बाभळीखालची काळी माती मळून तिनं भोकात ठासली होती. पाणी थांबलं. नवऱ्याला वर येऊन सांगितलं, तुमची विहीर भरायली. त्यानं शेवटचे दिवस ते ऐकून काढले. तो गेला, आणि पुढच्या पावसाळ्यात ते परत उघडलं.

मी विचारलं, मातीत आणखी काय घातलं होतं?

"भुसकट. भिताडाला लिंपताना घालतात तसं. त्याबिगर माती धरती व्हय?"

मी ताट बाजूला ठेवलं. या भागात माती मळायची म्हटली की भुसा आपोआप हातात येतो. मातीची भिंत त्याशिवाय तडकते, म्हणून पिढ्यान् पिढ्यांची सवय. पण भिंत उन्हात असते. पाण्याखाली भुसा कुजतो, कुजला की त्याची पोकळी होते आणि पोकळीतून पाणी वाट काढतं. माती मात्र अचूक होती. आम्ही मशीनवर गोण्यांनी जी फुगणारी माती आणायचो, तिचीच ही सख्खी बहीण. ओली झाली की फुगते आणि फुगली की पाण्याला वाट देत नाही. तिच्या चिखलात आदल्या दिवशी माझा बूट रुतला होता तेव्हा मी तिला शिव्याच दिल्या होत्या.

मिलिंदनं हलक्या आवाजात आईला विचारलं, मला का नाही सांगितलंस? त्या म्हणाल्या, "तुला वाटलं आसतं, माय बोल लावती. म्हनून न्हाय सांगितलं."

मिलिंद ताटावरून उठला. मग गोठ्यामागून बैलगाडीसाठी ठेवलेलं वाळकं बाभळीचं लाकूड काढलं आणि वाकसानं त्याची एका टोकाला निमुळती खुंटी तासायला बसला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. वाळकं लाकूड पाणी पिऊन फुगतं, हे तो माझ्याच मशीनवर शिकला होता.

येळवशीला कुणी औताला हात लावत नाही. माती मळावी की नाही, यावर जेवायला आलेल्यांत थोडी कुजबुज झाली. अक्का म्हणाल्या, आज मातीला खाऊ घालायचा दिवस, मग हिरीला घातलं तर काय बिघडलं? त्यावर आप्पांनीच धोतर खोचलं आणि चिखलात उतरले. त्यांच्या आजोबांच्या विहिरीवर अक्काचे सासरे ओंजळ धरून उभे राहायचे, हे मिलिंदनं मला नंतर सांगितलं. आप्पा दुपारभर माती तुडवत राहिले. सुनेनं आणि शेजारणींनी मातीचे उंड्यांएवढे गोळे केले. भुशाची काडी दिसली की मी ओरडायचो आणि त्या हसायच्या, पण काडी वेचून टाकायच्या.

बारदान गुंडाळलेली खुंटी मिलिंदनं घणानं भोकात हातभर खोल बसवली. तिच्यावर एक एक गोळा टाकून मी पहारीच्या बोथट टोकानं ठासत गेलो. गुडघे बोलू लागले, तोंडात माती गेली. भोक तळाच्या बरोबरीनं भरलं तेव्हा त्यावर आम्ही एक सपाट शिळा सरकवली आणि तिच्या कडेनं उरलेली माती दाबली. झऱ्याचं पाणी शिळेपाशी आलं, घुटमळलं आणि तिच्याभोवती पसरलं. आवाज बंद झाला होता.

वरून अक्कानं विचारलं, "थांबलं?" त्यांनाही ऐकू आलं होतं. मी हो म्हणालो, पण सकाळपर्यंत खरं धरू नका, असंही बजावलं. मिलिंद दोर धरून वर गेला आणि हात न धुता घरी निघून गेला.

जेसीबीची सकाळ

जेसीबी ठरल्याप्रमाणे आला. आम्ही शेतात पोचलो तेव्हा तो वाटेवर कडुनिंबाखाली घरघरत उभा होता. मिलिंद ड्रायव्हरपाशीच थांबला, विहिरीकडे आला नाही. भोकावर मशीन उभं करताना कधी न चळलेला हा माणूस, त्या दिवशी खिशातली तंबाखूची पुडी त्याला सापडत नव्हती.

मी आणि अक्का काठावर गेलो. मी वाकून पाहिलं. शिळा दिसत नव्हती. तळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाण्याखाली होता आणि त्यात सकाळचं आभाळ पडलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासारख्या तापट माणसाला ते परवडत नाही, म्हणून मी खोकल्याचं निमित्त केलं. आयुष्यभर भोकं बुजवली, पण बुजवून झाल्यावर वर काही येताना मी कधी पाहिलं नव्हतं. हे पाणी पुरेल का, ते मी सांगू शकत नव्हतो. मी अक्काला एवढंच सांगितलं की खुंटीवर आणि मातीवर विश्वास ठेवा, उन्हाळ्यात पाणी उपसून वर सिमेंटची टोपी घालू.

अक्का ऐकत नव्हत्या. त्यांनी रहाटाला दोर लावला. रहाट इतक्या दिवसांनी फिरताना असा कुरकुरला की आप्पांच्या मळ्यातले लोक उभे राहून बघू लागले. बादली अर्धीच भरली, पाणी गढूळ होतं. अक्कानं तांब्याच्या तोंडावर पदर धरला आणि हळूहळू गाळून तांब्या भरला.

घराचं वळण मला माहीत होतं. पहिलं पाणी लांबून आलेल्याला. चंद्रपूरपासून इथवर आलेला त्या शिवारात मी एकटाच होतो. मी घसा साफ केला आणि ओंजळ पुढं करायच्या बेतात होतो.

अक्का माझ्या शेजारून गेल्या. वाटेवर जेसीबीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या लेकापर्यंत गेल्या आणि त्याच्यापुढं तांब्या धरला.

"लई लांबून आलास बाबा," त्या म्हणाल्या. "पी."

मिलिंदनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला. तो रडत होता की पीत होता, ते नीट कळत नव्हतं, पण तांब्या रिकामा होईपर्यंत त्यानं तो खाली घेतला नाही. मग तोंड पुसलं आणि ड्रायव्हरला हाक मारून काठावरची राखाडी भुकटी दाखवली. ही सगळी खरवडून उचल, म्हणाला, खाली माझ्या बापाची माती हाय.

मला दुसरा तांब्या मिळाला. पाण्याला काळ्या मातीचा वास होता. तिसरी बादली अक्कानं रांजणात ओतली.